आधी तुकडा, मग डझन

कॉटन ग्रीन स्टेशनसमोरच्या कॉटन एक्स्चेंजचा सगळा व्यवहार नमुन्यावर उभा होता. कुलाब्याचा कापूसबाजार १९२० च्या दशकात शिवडीच्या भरावावर आला, तेव्हा गाठीतली मूठभर रुई काढून, ती बोटांनी ओढून तंतूची लांबी जोखणारे जाणकारही इकडे आले. १९२४ मध्ये माटुंग्याला टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, आजची सिरकॉट. तिथे तर कापूस प्रत्यक्ष कातून पाहत, सुताची ताकद मोजत आणि मगच त्या वाणाबद्दल मत देत. याच पट्ट्यात घरी पाऊच, बटवे, पिशव्या शिवून विकणाऱ्यांनी कॉम्प्युटर भरतकामालाही हाच नियम लावावा, असं मला मनापासून वाटतं. पडद्यावर डिझाइन कितीही सुबक दिसलं, तरी खरा निकाल कापडाच्या तुकड्यावरच लागतो.

आपण एकच वस्तू धरून चालू. संक्रांतीच्या वाणाला द्यायचा मांजरपाटाचा पाऊच, त्यावर ‘संक्रांत’ हा शब्द आणि खाली एक भरीव पतंग.

डिझाइनची फाइल म्हणजे चित्र नव्हे. सुईने कुठून कुठे जायचं, कुठे थांबायचं, याच्या सूचनांची ती यादी असते. सर्वाधिक चालणारी डीएसटी फाइल घ्या. तिच्यात ०.१ मिलिमीटरच्या मापात पावलं लिहिलेली असतात आणि रंग बदलायला कुठे थांबायचं तेवढं कळतं. रंग कोणता, ते कळत नाही. म्हणून विकत घेतलेल्या डिझाइनबरोबर रंगांचा तक्ता हवाच. फाइलमध्ये ठरलेली पावलंच असल्याने ती हवी तशी लहान-मोठीही करता येत नाही. मशीनवर नुसता आकार वाढवला तर टाके तेवढेच राहतात आणि विरळ होतात. कमी केला तर तेच टाके दाटीवाटीने बसतात, धागा तुटतो, सुई वाकते. दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्यापुढे डिझाइन पुन्हा पंच करून, म्हणजे टाक्यांची फाइल नव्याने बनवून घ्यावं.

निवडतानाच एक छोटा हिशेब करावा. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याने भरण करताना दोन ओळींत साधारण ०.४ मिलिमीटर अंतर असतं. टाका ४ मिलिमीटरचा धरला, तर १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पूर्ण चौरस भरायला ६,२५० टाके लागतात. खालचे आधाराचे टाके आणि किनार त्यात मिळवा. तेवढ्याच जागेतल्या, एकावर एक थर नसलेल्या डिझाइनला कोणी २५,००० टाके सांगत असेल, तर ते मांजरपाटावर पुठ्ठ्यासारखं कडक होणार. वेळही पाहा: मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने १२,००० टाक्यांना नुसती शिलाई २० मिनिटं लागते, धागे बदलण्याचा वेळ वेगळा. बाहेरून काम करून घेतलं तर दर बहुधा हजार टाक्यांवर असतो. म्हणजे गरजेपेक्षा दाट डिझाइनचे पैसे आपण प्रत्येक नगामागे मोजतो.

आता अक्षरांकडे. इथे जरा थांबायला हवं, कारण तयार डिझाइनं आणि त्यांचे नियम बहुतेक रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. साटन टाका दांड्याच्या आडवा जातो आणि कापडाला दोन्ही बाजूंनी आत ओढतो. त्यामुळे प्रत्येक दांडा पडद्यावरच्यापेक्षा बारीक होतो आणि टोकांकडे किंचित लांबतो. देवनागरीत याचे परिणाम लगेच दिसतात. काना शिरोरेषेच्या वर डोकावतो. शिरोरेषा शेवटी एकाच लांब पट्टीत मारली असेल, तर तोवर कापड सरकलेलं असतं आणि अक्षरं रेषेपासून सुटून लटकतात. म्हणून पंच करणाऱ्याला सांगावं की दांड्यांची टोकं शिरोरेषेच्या आत थोडी शिरलेली असू देत आणि ओढ भरून काढायला जाडी किंचित वाढव.

‘संक्रांत’ हा शब्द चाचणीसाठी फार चांगला आहे. त्यात दोन अनुस्वार आहेत; दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका केला तर धाग्याची गाठ होते किंवा ठिपका कापडात बुडतो. ‘क्र’मधली तिरपी रेघ ‘क’च्या पोटाला चिकटते का, ते पाहता येतं. काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षर फुटतं, पाय मोडलेला ‘क’ आणि सुटा ‘र’ येतो, पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते. हे मराठी वाचणाऱ्यानेच तपासायचं असतं, पंच करणारा मराठी असेलच असं नाही. रोमन अक्षर ६ मिलिमीटर उंचीलाही वाचता येतं. देवनागरीत मात्रा सोडून मूळ अक्षर मी ९-१० मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही.

कापड आधी धुवून घ्यावं. मांजरपाटात खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिएस्टरचा धागा मात्र आटत नाही. कोऱ्या कापडावर भरलेलं डिझाइन तुमच्याकडे सपाट दिसतं आणि गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यानंतर भोवती चुण्या पडतात. खाली लावायचा कागदही विचाराने निवडावा. विणलेल्या सुती कापडावर हलकं काम असेल तर फाडून काढायचा चालतो, भरीव पतंगाला कापून मागे ठेवायचा बरा. होजिअरीच्या झबल्यांना नेहमी कापून ठेवायचाच. टॉवेलवर वरूनही पाण्यात विरघळणारी फिल्म लावली नाही, तर टाके लवेत हरवतात.

चाचणीचा तुकडा म्हणजे हाताला लागेल ती चिंधी नव्हे. तेच कापड, तोच कागद, तोच धागा, तीच सुई. फ्रेममध्ये कापड ताठ असावं पण ओढलेलं नसावं, नाहीतर फ्रेम सोडल्यावर ते मागे येतं आणि डिझाइन गोळा होतं. मशीन चालू असताना शेजारी बसून पाहा: कुठे धागा तुटतो, कुठे सुई एकाच जागी ठोकत राहते, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात किती लांब उड्या जातात. मग तुकडा उलटा करा. साटनच्या मागे मधोमध साधारण एक तृतीयांश बॉबिनचा धागा दिसला तर टेन्शन ठीक. तो वर, सुलट बाजूला आला असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिन सैल आहे.

फ्रेममधून काढून पट्टीने मोजा. पतंगाची भरणी एका दिशेला आखडली का? भरणी आणि किनार यांच्यात कापड डोकावतंय का? त्यानंतर हा तुकडा वस्तू वापरात जशी धुतली जाईल तसा धुवा, उलट्या बाजूने इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. लाल धागा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. पांढऱ्या मांजरपाटावर रंग उतरला तर सगळा माल वाया जातो.

खणाच्या पाऊचला यातलं बरंच बदलतं. खणाच्या विणीतच बारीक नक्षी असते, तिच्यावर नाजूक भरतकाम दिसतच नाही. तिथे साध्या रंगाच्या कापडावर शब्द भरून तो तुकडा खणावर शिवणं मला अधिक देखणं वाटतं.

डिझाइन कोणाचं आहे, तेही विचारा. विकत घेतलेल्या फाइलच्या परवान्यात तयार वस्तू विकायची मुभा आहे का, किती नगांची, ते वाचावं. फाइल दुसऱ्याला देण्याची मुभा सहसा नसते. कार्टूनची पात्रं आणि कंपन्यांची बोधचिन्हं परवान्याशिवाय भरून विकू नयेत, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

पसंत पडलेल्या तुकड्याला चिठ्ठी टाचा: फाइलचं नाव, धाग्यांचे नंबर, सुई, कागद, वेग, तारीख. काम बाहेर देणार असाल तर तुकड्याचे दोन भाग करू नका. दोन अखंड तुकडे भरून घ्या, एक कारखान्याला द्या, एक स्वतःजवळ ठेवा. ऑर्डरचा पहिला नग आला की तो तुमच्या तुकड्याशेजारी ठेवून पाहा, पट्टी लावा, मागची बाजू पाहा आणि मगच उरलेल्या नगांना होकार द्या.