गोळ्यांना न जुमानणारं फेफरं

फेफरं येणाऱ्या पोराला मुरूड-रेवदंड्याकडे घरचे होडीवर पाठवायला धजत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नाकाशी कांदा धरून मात्र झटका थांबत नाही. योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या मात्रेत घेऊनही झटके येतच राहिले, तर मेंदूतला उगम शोधायला हवा. व्हिडिओ-ईईजीत झटका प्रत्यक्ष टिपतात. एमआरआयमध्ये कानशिलाच्या आत मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग आकसलेला दिसला आणि दोन्ही खुणा जुळल्या, की तेवढा भाग काढता येतो. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया गटातले ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते. नुसत्या औषधांवर ८ टक्के. एवढा फरक असताना वर्षानुवर्षं गोळ्या बदलत राहणं हा रुग्णावर अन्यायच. परळच्या केईएममध्ये ही शस्त्रक्रिया होते. गोळ्या स्वतःहून थांबवू नका, पण डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल जरूर विचारा.