टनेल जागचा हलू नये म्हणून

कुत्र्यांच्या अ‍ॅजिलिटी, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या सरावात टनेल, म्हणजे तारेच्या कड्यांचा कापडी बोगदा, हा सगळ्यात सोपा अडथळा मानला जातो. कुत्रा एका तोंडाने शिरतो, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. त्यामुळे घरी सराव करणारे टनेलवर खर्च करतात आणि तो जागच्या जागी धरणाऱ्या होल्डरचा विचार शेवटी करतात. मला हा क्रम उलटा वाटतो. भरधाव पळताना टनेल एकदा अंगाखालून सरकला, की कुत्रा पुढच्या वेळी तोंडाशीच थबकतो. त्याची ती भीती घालवायला पुष्कळ दिवस जातात.

टनेल कुत्र्याच्याच वजनाने दबून राहतो, हा पहिला गैरसमज. टनेल सरळ असेल तर थोडेफार निभावते, पण वळणावर कुत्रा बाहेरच्या भिंतीला रेटा देत पळतो. पाच मीटरचा टनेल अर्धवर्तुळात वळवला तर त्या वळणाची त्रिज्या साधारण 1.6 मीटर येते. वीस किलोचा कुत्रा त्यातून ताशी 18 किलोमीटर वेगाने गेला, तर भिंतीवर सुमारे 32 किलो वजनाइतका रेटा बसतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट. टनेल अडवून धरणाऱ्या वाळूच्या पिशव्या मातीवर घसरू नयेत म्हणून त्यांचे एकूण वजन ढोबळमानाने याच्या दुप्पट धरावे लागते. आठ-आठ किलोच्या आठ पिशव्या, म्हणजे चार जोड्या, हा आकडा या हिशेबातून येतो.

मग दोन्ही बाजूंना दगड किंवा विटा लावल्या तर? पातळ कापडाच्या भिंतीतून कुत्र्याचा खांदा, बरगडी थेट त्यांच्यावर आदळते. आमच्या जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिल्स असल्याने सळईचे तुकडे सहज मिळतात, म्हणून ते पिशवीत भरावेत किंवा खुंट्या म्हणून ठोकावेत असे सुचते. बारा मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो भरते, तेव्हा आठ किलोसाठी नऊ मीटर लागते. ती जागा कमी घेते हे खरे, पण मार दगडासारखाच लागतो. खुंट्यांचे म्हणाल तर आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. आज घट्ट बसलेली खुंटी महिन्याभरात डुगडुगू लागते, आणि तिचे वर आलेले टोक कुत्र्याच्या पायाला धोक्याचे.

होल्डर जितका आवळावा तितका पक्का, ही समजूत तर सर्रास आढळते. प्रत्यक्षात दोरी आवळली की तारेची कडी दबते, गोल टनेल आत चपटा होतो आणि नेमका तिथेच कुत्र्याचा माथा किंवा पाठ घासते. टनेलला दाबायचे नसते, त्याला फक्त बाजूंनी अडवायचे असते.

त्यासाठी खांद्यावर टाकायच्या पडशीसारखा होल्डर सगळ्यात चांगला. मधे रुंद पट्टा आणि दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या. साठ सेंटिमीटर व्यासाच्या टनेलवरून एका बाजूच्या जमिनीपासून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंतचे अंतर सुमारे 154 सेंटिमीटर भरते. पिशव्या 25 सेंटिमीटर उंचीच्या असतील तर मधला पट्टा 104 सेंटिमीटरचा, त्यात चार बोटे ढील. पट्टा किमान पाच सेंटिमीटर रुंद निवारीचा घ्यावा, सुतळीचा नको, ती दोन कड्यांच्या मधे रुतते. कोरडी वाळू लिटरला साधारण 1.6 किलो भरते, म्हणून आठ किलोसाठी पाच लिटरचे माप. पिशवी तीन चतुर्थांशच भरावी. गच्च भरलेली पिशवी लाडवासारखी गोल होऊन लोळते, सैल पिशवी टनेलच्या पोटाखाली नीट शिरून बसते. एकेक जोडी दोन्ही तोंडांशी, उरलेल्या वळणावर.

पिशवी कोणतीही चालते, असे मात्र समजू नका. 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू झाली आणि पुढे जालना बियाण्यांचे शहर झाले. इथे बियाण्यांची रिकामी पोती घरोघरी सापडतात. पेरणीच्या बियाण्याला बहुधा कीटकनाशक, बुरशीनाशक चोळलेले असते. लाल, गुलाबी, निळा रंग ही त्याची खूण. असे पोते कुत्रा चाटेल, चावेल, फाडेल. ते कितीही धुतले तरी या कामाला घेऊ नये, खताची गोणीही नको. शिवाय प्लॅस्टिकचे विणलेले पोते उन्हात काही महिन्यांत भुगा होऊन गळते. जुन्या जीन्सचा पाय उत्तम. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून वाळू भरावी आणि दोन्ही तोंडे दाभणाने दुहेरी शिवून घ्यावीत. ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून ताडपत्रीची करून घेतली तर ती पावसातही टिकते.

हा खेळ विदेशी कुत्र्यांचाच, असेही म्हणतात. अ‍ॅजिलिटीचे पहिले प्रात्यक्षिक 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या श्वान-प्रदर्शनात झाले, एवढाच त्याला आधार. आपला देशी कारवान कुत्रा पळण्यात कुणाला हार जाणारा नाही. फक्त तो खांद्याशी 60 सेंटिमीटरहून उंच असतो, त्यामुळे टनेलमध्ये वाकून पळतो आणि भिंतीला जास्त घासतो. त्याच्यासाठी वळणावर आणखी एक जोडी टाकावी.

कुत्र्याला सोडण्याआधी वळणाच्या मध्यावर पट्ट्याला ताणकाटा अडकवून टनेल बाहेरच्या बाजूला ओढून पाहा. काटा 32 किलोपर्यंत जाण्याआधी टनेल सरकला, तर त्या दिवशी टनेल सरळच ठेवा.