नाल्याच्या भिंतीवर लिहिलेला शहराचा इतिहास

रंगवलेल्या भिंतीमुळे वस्ती देखणी होते, हे दिसतंच. पण वस्तीतली माणसं त्यामुळे एकमेकांच्या जवळ येतात का? अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधली ‘ग्रेट वॉल’ या प्रश्नाचं ठोस उत्तर देते.

जागा कोणती?

१९३८च्या महापुरानंतर लॉस एंजेलिसमधल्या नदी-ओढ्यांची पात्रं काँक्रीटने बांधून काढण्यात आली. पूर आटोक्यात आला, पण शहराला उघडेबोडके नाले मिळाले. त्यांपैकी तुहुंगा वॉश या नाल्याचा परिसर सुशोभित करायचा म्हणून लष्कराच्या अभियंता विभागाने १९७४मध्ये जूडी बाका या चित्रकर्तीला विचारलं. मेक्सिकन वंशाच्या बाका याच शहरात जन्मलेल्या.

रंगवलं कोणी?

१९७६मध्ये काम सुरू झालं. पहिल्या उन्हाळ्यात सुमारे ८० मुलं-मुली आली. त्यांतली बरीचशी बालन्यायालयाच्या फेऱ्यात अडकलेली, निरनिराळ्या वंशांची आणि वस्त्यांची. एरवी ती एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. त्यांना कामाचा मोबदला मिळे. चित्रकार आणि इतिहासाचे अभ्यासक सोबत असत. पावसाळी महिन्यांत नाल्याला पाणी येई, म्हणून काम फक्त उन्हाळ्यात चाले. १९८३पर्यंतच्या पाच उन्हाळ्यांत ४००हून अधिक तरुणांचे हात या भिंतीला लागले. सुमारे ८४० मीटर लांब आणि चार मीटर उंच चित्रमालिका उभी राहिली.

चित्रात काय आहे?

आदिवासी काळापासून १९५०च्या दशकापर्यंतचा कॅलिफोर्नियाचा इतिहास. तोही पाठ्यपुस्तकांनी गाळलेला. १९३०च्या दशकात मेक्सिकन कुटुंबांची झालेली हकालपट्टी यात आहे. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे नागरिकही आहेत. एका दृश्यात महामार्ग वस्त्यांमधून वेटोळे घालत जातो आणि एकाच घरातली माणसं त्याच्या दोन बाजूंना फेकली जातात. वरून एक स्टेडियम उडत्या तबकडीसारखं खाली उतरतंय. चावेझ रॅव्हिन भागातली मेक्सिकन वस्ती उठवली गेली आणि पुढे त्या जागेवर बेसबॉलचं डॉजर स्टेडियम झालं, त्याचा हा संदर्भ.

माणसं कशी जोडली गेली?

आधी वाचन झालं, जुन्या रहिवाशांच्या आठवणी ऐकल्या गेल्या, चर्चा झाल्या. मग कच्ची रेखाटनं. चौकोन आखून ती मोठी करत भिंतीवर उतरवली गेली. एवढी लांब भिंत एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कोणी परांची लावायची, कोणी रंग कालवायचा, हे ठरवताना बोलणं भागच होतं. दुसऱ्याच्या समाजाचं दुःख रंगवायचं तर आधी ते समजून घ्यावं लागे. १९७६मध्येच बाकांनी दोन सहकाऱ्यांसह ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली. तीच आजही भिंतीची देखभाल करते. २०११मध्ये चित्रांची डागडुजी झाली आणि २०१७मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत भिंतीचं नाव लागलं.

आपल्यासाठी काय?

स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की आपल्या शहरांतल्या भिंतीही रंगतात. बहुतेकदा ठेकेदार येतो, झाडं-पक्षी-घोषवाक्यं रंगवतो आणि जातो. भिंत रंगते, वस्ती होती तिथेच राहते. तुमच्या प्रभागात असं काम निघालं तर नगरसेवकाला तीन प्रश्न जरूर विचारा: विषय कोण ठरवणार? इथली मुलं ब्रश हातात धरणार का? पाच वर्षांनी रंग उडाला तर बघणार कोण?