आर्जव, गाऱ्हाणे आणि देवासचा राजा

देवापुढे घातले जाणारे गाऱ्हाणे गोमंतकीयांना नवे नाही. एरवी गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. देवळाच्या चौकात तीच प्रार्थना होते. ‘आर्जव’ या शब्दाचा प्रवास निराळा आहे. आज त्याचा अर्थ विनवणी, किंबहुना मनधरणी असा घेतला जातो. संस्कृतात तो ‘ऋजु’पासून आला; त्याचा मूळ अर्थ सरळपणा. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांच्या आरंभीच अमानित्व येते, म्हणजे मोठेपणाचा अभाव, आणि त्याच मालिकेत आर्जवही. तेथे याचनेचा गंध नाही. देवापुढे नम्र होणे म्हणजे लाचार होणे नव्हे, हे या दोन शब्दांच्या शेजारामुळे स्पष्ट होते.

हे अमानित्व प्रत्यक्षात कसे दिसते? माळव्यात धार आणि देवास येथे पवारांची मराठी संस्थाने होती. देवासच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार (तिसरे) यांच्याकडे 1921 साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने खाजगी चिटणीस होते. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्यांनी जुन्या राजवाड्यात पाहिली. गळ्यात तंतुवाद्य अडकवून राजा कृष्णमूर्तीसमोर आनंदाने नाचत होता. त्या गजबजाटात फॉर्स्टरना ना शिस्त दिसली ना डौल. तरी राजाच्या चेहऱ्यावरचा भाव ते विसरले नाहीत. ‘अ पॅसेज टू इंडिया’ (1924) या कादंबरीत प्राध्यापक गोडबोले तुकारामांना आळवतात, त्या प्रसंगामागे हाच उत्सव आहे. पाहुण्याला जो डौलाचा अभाव वाटला, त्यालाच गीता अमानित्व म्हणत असावी.

मग अशी प्रार्थना फळते का? देवासचा खजिना रिकामा होत गेला, राजाला संस्थान सोडून पाँडिचेरी गाठावी लागली आणि 1937 साली तेथेच त्यांचे निधन झाले. हिशेबी मनाला येथे प्रार्थना वाया गेलेली दिसेल. सातव्या अध्यायात मात्र आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार भक्त सांगितले आहेत. श्रेष्ठ ज्ञानीच; पण संकटात हाक मारणाऱ्या आर्तासह चौघांनाही उदार म्हटले आहे. ती हाक फळली की नाही, हा निकष तेथे लावलेला नाही.

फॉर्स्टरनी देवासच्या आठवणी 1953 साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध केल्या. राज्य गमावलेला हा राजा कदाचित संत असावा, असे त्यांना तेव्हाही वाटत होते.