हेलसिंकी समिती म्हणजे काय?



इस्पितळात एखादे नवे औषध अभ्यासासाठी घ्याल का, असे विचारतात आणि पुढे हिब्रू कागदांचा गठ्ठा ठेवतात. त्यावर हेलसिंकी समितीची मंजुरी असते. फिनलंडच्या त्या शहराचा आपल्या इस्पितळाशी काय संबंध, हे मला पुष्कळांनी विचारले आहे.

1964 साली जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी येथे माणसांवरील संशोधनाचा जाहीरनामा मंजूर केला. छळछावण्यांत नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेले प्रयोग तेव्हा फार जुने झाले नव्हते. आपल्या इस्राएलमध्ये 1980 साली याचे सरकारी नियम झाले. इस्पितळातील ज्या समितीने असे संशोधन आधी तपासायचे, तिला म्हणूनच इथे हेलसिंकी समिती म्हणतात.

हा जाहीरनामा वेळोवेळी सुधारला जातो. ताजी सुधारणा ऑक्टोबर 2024 मध्ये हेलसिंकीतच मंजूर झाली. तिच्याआधी साव पावलो, कोपनहेगन, जोहान्सबर्ग, म्युनिच अशा ठिकाणी बैठका घेऊन त्या त्या भागातील डॉक्टर व संशोधकांचे म्हणणे ऐकले. मसुद्यावर लोकांकडूनही अभिप्राय मागवले. हे मला फार योग्य वाटते. आफ्रिकेतल्या दवाखान्यात रोगी कशासाठी हो म्हणतो, ते युरोपात बसून कसे कळणार?

नव्या मजकुरात संशोधनातील माणसाला 'सहभागी' म्हटले आहे. पूर्वीच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'ज्याच्यावर प्रयोग करायचा तो' असा होता. माहिती सोप्या भाषेत द्यावी, समितीत निदान एक सर्वसामान्य नागरिक असावा, आणि सहभागी लोकांशी व त्यांच्या समाजाशी संशोधनाच्या आधी, चालू असताना आणि नंतरही बोलणे व्हावे, असेही त्यात आहे.

त्यातला 'समाज' हा शब्द आपल्याला लागू पडतो. 2016 साली बेने इस्राएलांच्या वंशाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपल्यापैकी फक्त 18 जणांचे नमुने होते, पण आपले पूर्वज यहुदीही होते व भारतीयही, हा निष्कर्ष सगळ्या समाजाबद्दल काढला गेला. नमुना एकाचा, पण बोलणे सर्वांविषयी. म्हणून आपल्या रक्ताचे नमुने मागणाऱ्यांनी आधी समाजात येऊन बोलावे, आणि नंतर काय निघाले तेही येऊन सांगावे, असे आपण मागू शकतो.

आमची वडील मंडळी म्हणत, "सिस्टर, वाचून काय करू? सही कुठे तेवढे दाखवा." असे करू नका. हिब्रू जड जात असेल तर समजावून सांगणारा माणूस मागा. कागद घरी न्या, मुलांना दाखवा, कुपत होलीमच्या डॉक्टरांना विचारा. नाही म्हटले म्हणून तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि हो म्हटल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते. सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या आणि औषधांच्या यादीबरोबर ठेवा. दुसऱ्या डॉक्टरकडे जाल तेव्हा तीही दाखवा.