तार बांधून बोट वळत नाही
म्हसवडच्या दुष्काळी माणदेशात बोट दुर्मीळच. सातारा जिल्ह्यातली बोटींची वर्दळ पाहायची तर कोयनेच्या शिवसागरावर, तापोळ्याला जायचं. त्यामुळे इथे रोज मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्याला जेट बोटीची तुटलेली स्टिअरिंग केबल दाखवली, तर तार बांधून भागेल असंच वाटेल. गफलत इथेच होते. क्लचची केबल फक्त ओढते, परत आणायला स्प्रिंग असते. जेट बोटीची केबल मात्र ओढते आणि ढकलतेही; पाण्याचा झोत सोडणारं मागचं नोझल दोन्हीकडे तीच वळवते. बांधलेली तार ढकलणार कशी? नवी केबल महाग पडते, हे मान्य. पण या बोटीला बहुधा वेगळं सुकाणू नसतं. झोताची दिशा गेली की बोट हातातून गेली. म्हणून त्याच लांबीची नवी केबल टाकावी, आणि ती टाकण्याआधी जुन्या केबलमध्ये पाणी शिरलं होतं का ते बघायला टोकाचं रबरी सील तपासावं.