दसऱ्याची फुले आणि नाकातला हरभरा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नारायण पेठेत घरोघरी सुकलेली तोरणे आणि आपट्याची पाने केरात जातात. गेल्या वर्षी मी ती ठेवून घेतली. अडीच वर्षांच्या नातवापुढे परात मांडून तिच्यात झेंडूची फुले, पाने आणि मूठभर हरभरे घातले. तासभर स्वारी जागची हलली नाही.

चार दिवसांनी त्याच्या एका नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागला. सर्दी असेल म्हणून मी दोन दिवस दुर्लक्ष केले. मी स्वतः डॉक्टर असून! शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, सर्दी एकाच नाकपुडीतून कशी वाहील?" कान-नाक-घसा तज्ज्ञांनी फुगलेला हरभरा बाहेर काढला. चूक माझीच होती.

मग हा खेळ बंद करावा का? मुळीच नाही. फूल कुस्करणे, पाकळी चिमटीत धरणे यातून पुढे पेन्सिल धरणारी बोटे तयार होतात. खरखरीत, गुळगुळीत, ओले, कोरडे हे शब्द मूल हातांनी शिकते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे वापरले. आपल्याकडे पानगळ शिशिरात होते; शरद ऋतू म्हणजे झेंडू, आपटा आणि दिवाळीच्या किल्ल्याची माती. तेवढे पुरेसे आहे.

मात्र पालकांनी काही पथ्ये पाळावीत. तीन वर्षांखालील मुलाला हरभरे, चिंचोके, शेंगदाणे, मणी, लोंब्या खेळायला देऊ नयेत. अख्खी फुले, मोठी पाने, नारळाची करवंटी, लाकडी डाव द्यावा. गुंज, एरंड, धोत्रा, कण्हेर विषारी आहेत. ती कोणत्याच वयाच्या मुलाच्या हाती नकोत. बाजारच्या फुलांवर औषध फवारलेले असू शकते, म्हणून ती धुऊन घ्यावीत. बुरशी आलेली फुले टाकून द्यावीत. कुत्र्यामांजरांनी घाण केलेली वाळू किंवा माती घेऊ नये. खेळ संपल्यावर साबणाने हात धुवावेत. मूल परातीशी असेपर्यंत मोठ्या माणसाने शेजारून उठू नये.

नाकात काही गेल्यास पिन, काडी घालून कोरू नये. तेल-पाणीही घालू नये. कडधान्य ओलाव्याने फुगते. सरळ डॉक्टरांकडे जावे. खेळताना अचानक ठसका लागून श्वास अडला किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. ठसका थांबला तरी तपासणी टाळू नये.

यंदाही आमच्याकडे परात मांडली जाईल. हरभरे मात्र उसळीला!